रेघेचा अभ्यासक्रम

महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या माणसांच्या बैठकीत 'एलिमेंटरी-इंटरमिजिएट कोणी कोणी दिली होती?' असे विचारून पाहावे. बरेच हात वर होतात. कोणाला 'ए' ग्रेड मिळालेली असते, कोणाची इंटरमिजिएट राहून गेलेली असते. कोणाला परीक्षा केंद्रावर पाण्याचा डबा कागदावर कसा सांडला ते आठवते. आणि लगेच त्यांतले बहुतेक जण सांगतात, 'पण मला चित्र काढता येत नाही हं.' या वाक्यातली विसंगती कोणाला जाणवत नाही. रीतसर परीक्षा उत्तीर्ण झालेला माणूस तो विषय आपल्याला येत नाही असे खुशाल सांगतो, ऐकणाऱ्यालाही त्यात वावगे वाटत नाही. चित्र काढता येणे ही देवाची देणगी, असा आपला पक्का समज आहे. गंमत अशी की या परीक्षा ज्या अभ्यासक्रमातून निघाल्या, त्याचा पायाच नेमका उलटा होता. अक्षर गिरवून लिहिता येते तसे रेघ गिरवून रेखाटता येते, आणि ते कोणालाही येते, असे तो अभ्यासक्रम मानत होता. मग हा विश्वास वाटेत कुठे हरवला?

मराठीत 'चित्रकला' हा एकच शब्द पेंटिंगलाही चालतो आणि ड्रॉइंगलाही. यात निम्मा घोटाळा आहे. शाळेच्या बोलीने मात्र फरक जपला. वेळापत्रकात काहीही छापलेले असो, मुले 'ड्रॉइंगचा तास' म्हणत आणि शिकवणारे ते 'ड्रॉइंग मास्तर'. इथे विषय आहे तो या ड्रॉइंगचा, म्हणजे रेखनाचा.

इंग्रजांनी येऊन आपल्याला रेखन शिकवले, हा समज आधी बाजूला ठेवावा लागेल. गंगाराम चिंतामण तांबट हा पुण्याचा चित्रकार. पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातल्या गेंड्याचे त्याने १७९० साली केलेले चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. कसरत करणाऱ्या पहिलवानांची चित्रेही त्याने काढली. पुण्याचा इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यासाठी त्याने वेरूळची लेणी रेखाटली. मॅलेटच्याच पुढाकाराने सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत शनिवारवाड्यात एक चित्रशाळा सुरू झाली आणि स्कॉटलंडहून आलेला चित्रकार जेम्स वेल्स तिथे शिकवू लागला. १७९५ मध्ये आधी पेशवे गेले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत वेल्सही वारला. चित्रशाळेचे दोन्ही आधार एका वर्षात कोसळले. पण या हकिकतीत एक बारकावा आहे. वेल्स हिंदुस्थानात आला १७९१ मध्ये आणि गेंडा आहे १७९० चा. म्हणजे समोरच्या वस्तूकडे पाहून ती कागदावर उतरवणारा हात पुण्यात आधीच तयार होता. तांबटाच्या घरचा हात तो. भांड्याचा घाट डोळ्याने जोखायचा आणि हातोडीने साधायचा, ही त्या घरातली विद्या. पुढे जे घडले ते पाहताना हा गेंडा लक्षात असू द्यावा.

अभ्यासक्रमाची खरी कथा सुरू होते ती इंग्लंडात, आणि तिचे मूळ कलेत नाही, कापडाच्या बाजारात आहे. यंत्रावर माल भरमसाट निघू लागला, पण नक्षी फ्रेंचांची सरस आणि गिऱ्हाईक तिकडे वळते, ही इंग्रज कारखानदारांची चिंता होती. १८३५-३६ मध्ये पार्लमेंटच्या समितीने चौकशी केली आणि १८३७ मध्ये लंडनला सरकारी खर्चाने नक्षीकामाची शाळा निघाली. चित्रकार घडवायचे नव्हते, कारखान्यासाठी नक्षीकार हवे होते. त्यामुळे विद्यार्थ्यांना मनुष्याकृती काढायला शिकवावे की नाही, यावरच सुरुवातीला कडाक्याचा वाद झाला. एकदा माणूस काढता येऊ लागला की पोरगा कापडाच्या नक्षीत रमणार नाही, चित्रकार व्हायला निघेल, ही भीती होती. ती अगदीच खोटी नव्हती.

१८५१ च्या जागतिक प्रदर्शनानंतर या शाळांचा कारभार हेन्री कोल या सरकारी अधिकाऱ्याकडे आला. कोल हा कमालीचा व्यवस्थापक. चित्रकार रिचर्ड रेडग्रेव्ह याच्या मदतीने त्याने साऱ्या देशासाठी तेवीस पायऱ्यांचा एकच अभ्यासक्रम आखला. पहिली पायरी पट्टी-कंपासने रेषा आणि आकृत्या काढण्याची. दुसरी मुक्तहस्ताने, पण छापील नमुन्यावरून. तिसरीत तीच बाह्यरेषा घन वस्तूवरून. चौथीत छायांकन, पुन्हा छापील नमुन्यावरून, आणि पाचवीत घन वस्तूवरून. त्यापुढे प्राणी, मनुष्याकृती, फुले, शरीररचना, रंग, मातीकाम. शेवटी, बाविसाव्या-तेविसाव्या पायरीवर, स्वतःचे संकल्पन. हे केंद्र पुढे लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात गेले आणि पद्धतीलाही तेच नाव चिकटले.

या जिन्याकडे शांतपणे पाहिले तर त्यातली अक्कल नाकारता येत नाही. सोप्याकडून अवघडाकडे, सपाटाकडून घनाकडे, रेषेकडून छायेकडे. नवशिक्याची भीती घालवायला याहून चांगली वाट नाही. समोरचा माठ एकदम काढायला सांगितला तर कोणीही गडबडतो. पण आधी उभा मध्यअक्ष टाक, मग रुंदी उंचीच्या किती पट ते पेन्सिल समोर धरून मोज, मग तोंडाची लंबवर्तुळे बसव, मग बाजू जोड, असे सांगितले की माठ उभा राहतो. रेखन हे असे लहान लहान कौशल्यांत सोडवता येते, हा विचार पेस्टालॉझी या स्विस शिक्षणतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच मांडला होता. रेषा, कोन, चौकोन ही त्याने पाहण्याची बाराखडी मानली. कोलने तिला सरकारी शिक्का लावला.

दुखणे होते ते अंमलबजावणीत. शिक्षकाचा मेहनताना विद्यार्थ्यांच्या निकालावर ठरू लागला, आणि मग निकालात जे दिसते तेवढेच शिकवले जाऊ लागले. प्लास्टरमधल्या एका नक्षीच्या छायांकनावर विद्यार्थी महिनेच्या महिने घालवत. काळ्या खडूचा ठिपक्याला ठिपका लावायचा, चुकला तर पावाच्या तुकड्याने टिपायचा. कागद मखमलीसारखा दिसे. तो काढताना विद्यार्थ्याने काय पाहिले, हा प्रश्न कोणी विचारत नसे. डिकन्सने १८५४ च्या 'हार्ड टाइम्स' कादंबरीत शाळेत आलेला एक सरकारी साहेब रंगवला आहे. गालिच्यावर फुलांची चित्रे असणे त्याला मंजूर नाही, कारण खऱ्या फुलांवर कोणी पाय देत नाही. तो टोला कोलला होता, असे अभ्यासक मानतात.

जॉन रस्किनचा विरोध अधिक मुळाशी जाणारा होता. लंडनच्या कामगारांच्या महाविद्यालयात तो १८५४ पासून रेखन शिकवत होता, आणि १८५७ मध्ये त्याने नवशिक्यांसाठी तीन पत्रांच्या रूपात 'द एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग' हे पुस्तक लिहिले. त्याचाही अभ्यासक्रमच, त्यालाही पायऱ्या. पण सुरुवात पट्टीने नाही. एक लहान चौकोन आखायचा आणि टाकाच्या बारीक रेघांनी इतका सारखा भरायचा की तो करड्या कागदाचा तुकडा वाटावा. थोडे पुढे गेल्यावर रस्त्यावरचा एक गोटा उचलून आणायचा आणि काढायचा. गोट्याला बाह्यरेषा नसते, एका छटेला दुसरी छटा भिडते एवढेच. ते दिसायला लागले की डोळा जागा झाला. रस्किनला नक्षीकारही घडवायचे नव्हते आणि चित्रकारही. सुतार, मजूर, कारकून यांना नीट दिसू लागावे एवढेच हवे होते. 'कोणालाही रेखाटता येते' या एकाच विश्वासावर कोल आणि रस्किन दोघे उभे आहेत. फक्त कोलला हात पाहिजे आहे आणि रस्किनला डोळा.

आणि १८५७ च्याच मार्च महिन्यात मुंबईत, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या जागेत, सर जमशेटजी जिजीभाईंनी देऊ केलेल्या एक लाख रुपयांतून चित्रशाळेचे वर्ग भरू लागले. रस्किनचे पुस्तक आणि जे. जे. स्कूल एकाच वर्षाचे. पण मुंबईला जहाजाने आला तो कोलचा अभ्यासक्रम. १८६५ मध्ये जॉन लॉकवूड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे दोघे आले, ते साउथ केन्सिंग्टनच्या मुशीतलेच.

त्या काळच्या राज्यकर्त्यांना या शिक्षणातून काय अपेक्षित होते, ते १८७७ ते १८८० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले सर रिचर्ड टेम्पल यांनी लिहून ठेवले आहे. वस्तू अचूक रेखाटणे या लोकांना आजवरच्या साऱ्या युगांत कधी आले नाही. ते शिकवले तर त्यांच्या मनाचेही काही दोष दुरुस्त होतील आणि निरीक्षणशक्ती वाढेल, असा त्याचा मथितार्थ. तांबटाचा गेंडा तेव्हा नव्वदीला टेकला होता.

टेम्पल साहेबांचे हे मत वाचून साऱ्या अभ्यासक्रमाला वसाहतवादी म्हणून मोडीत काढण्याची आपल्याकडे एक सोयीची रीत आहे. मला ती पटत नाही. किपलिंग स्वतः देशी कारागिरांचा चाहता होता. १८७० च्या सुमारास त्याने हिंदुस्थानी कारागिरांची ते काम करताना काढलेली चित्रे आजही पाहावीत अशी आहेत. बसण्याची ढब, हत्यार धरण्याची रीत, सारे त्यात आहे. ग्रिफिथ्सने १८७२ पासून जवळजवळ तेरा वर्षे विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. पेस्तनजी बमनजी या मुंबईच्या पारशी विद्यार्थ्याचा त्या कामात मोठा वाटा होता. जिथे युरोपीय नमुने गिरवायला लावतात अशी शाळेची ख्याती, तिथली मुले अजिंठ्याच्या अंधारात बसून पंधरा शतकांपूर्वीच्या रेघेचा माग काढत होती. त्या नकलांपैकी पुष्कळ लंडनला आगीत गेल्या, पण ग्रिफिथ्सचे दोन खंड १८९६-९७ मध्ये निघाले. मुंबईत बोरीबंदर स्थानकाच्या दगडात जी पाने, पशू, पक्षी आहेत, तीही जे. जे.च्या विद्यार्थ्यांच्या हातची. पायऱ्या चढून आलेल्या हातांचे ते काम.

अभ्यासक्रम विलायती होता, पण तो गिरवणारी मुले इथली होती, आणि त्यांनी त्याचे काय केले हा मला जास्त रस असलेला भाग आहे. १८९६ मध्ये गणपतराव म्हात्रे या विद्यार्थ्याने 'मंदिरपथगामिनी' घडवली. ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतींपुढे बसून अंगावरच्या वस्त्राची चुणी न् चुणी काढण्याचा जो कंटाळवाणा सराव शाळा करून घेई, तोच त्या मूर्तीत नऊवारी नेसून उभा आहे. दादासाहेब फाळके १८८५ मध्ये इथेच शिकायला दाखल झाले. आणि महादेव विश्वनाथ धुरंधर. कोल्हापूरचा हा मुलगा १८९० च्या जानेवारीत शाळेत आला तो १९३१ पर्यंत तिथेच राहिला. आधी विद्यार्थी, मग शिक्षक. 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे त्यांचे आत्मकथन ज्यांनी वाचलेले नाही त्यांनी मिळवून वाचावे. लग्नाची पंगत असो की घाटावरची गर्दी, धुरंधरांच्या चित्रात प्रत्येक माणूस आपल्या पायावर उभा असतो. ज्याने शेकडो आकृत्या मोजून-मापून काढल्या आहेत त्यालाच गर्दी अशी सहज जमते.

पण माझ्या मते या अभ्यासक्रमाची खरी करामत मोठ्या नावांत नाही. १८९३ मध्ये शाळेत ड्रॉइंग शिक्षकांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू झाला, आणि त्यातून तालुक्या-तालुक्याला ड्रॉइंग मास्तर पोचला. सुतार, सोनार, कासार, शिंपी अशा घरांतल्या हुशार हाताच्या मुलाला वंशपरंपरेच्या धंद्याबाहेर पगाराची नोकरी मिळवून देणारी ही वाट होती. पुढे तिला डी. टी. सी., ए. टी. डी. अशी आद्याक्षरे चिकटली. कोट-टोपीतल्या या माणसाला शिक्षकांच्या खोलीत इंग्रजी-गणितवाल्यांच्या मानाने खालचे पाट असे, आणि गॅदरिंगचे पडदे, गणपतीची आरास, संस्थापकांचे तैलचित्र, फळ्यावरचा सुविचार ही कामे बिनबोभाट त्याच्या गळ्यात पडत. पण गावातल्या मुलाला पर्स्पेक्टिव्ह म्हणजे काय ते यानेच सांगितले. रुळ दूर गेल्यावर जवळ येतात, ते खरे येत नाहीत, तसे दिसतात. 'आहे' आणि 'दिसते' यांतला हा भेद तत्त्वज्ञानाच्या पुस्तकाआधी ड्रॉइंगच्या तासाला कळलेली माणसे आपल्याकडे पुष्कळ असतील. आज या परीक्षा ज्या कला संचालनालयामार्फत होतात ते १९६५ चे, परीक्षा त्याहून कितीतरी जुन्या. वस्तुचित्र, संकल्पचित्र, भूमिती ही नावे घ्यावीत आणि कोलच्या जिन्याशी ताडून पाहावीत. पट्टी-कंपासची पहिली पायरी आणि संकल्पनाची बाविसावी, दोन्ही ओळखू येतात.

एक प्रश्नपत्रिका मात्र त्या जिन्यात सहज सापडत नाही, ती स्मरणचित्राची. समोर काही न ठेवता, आठवून चित्र काढायचे. या कल्पनेची सर्वांत नेटकी मांडणी केली ती पॅरिसच्या होरास लकॉक द बुआबोद्राँ या शिक्षकाने. कारागिरांच्या मुलांसाठी असलेल्या एका साध्या रेखनशाळेत तो शिकवत असे. पुढे शिल्पकार म्हणून गाजलेला रोदँ पोरवयात याच्याच हाताखाली होता. लकॉकने १८४८ मध्ये चित्रस्मृतीच्या शिक्षणावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्याची पद्धतही पायरीपायरीची. प्रथम ठरावीक लांबीची एक रेघ पाहायची, मूळ झाकायचे आणि आठवून काढायची. मग प्लास्टरचे एक नाक. मग चेहरा. मुले तयार झाली की त्यांना संग्रहालयात पाठवायचे. तिथे एखादे चित्र डोळ्यांत साठवायचे आणि परत येऊन वर्गात उतरवायचे. अल्फाँस लग्रोस या विद्यार्थ्याने होल्बाइनने काढलेले इरॅस्मसचे व्यक्तिचित्र अशा रीतीने काढले, आणि पुढे हाच लग्रोस लंडनला रेखनाचा प्राध्यापक झाला. शेवटची पायरी मैदानातली. मोकळ्या हवेत माणसे चालताहेत, बसताहेत, वाकताहेत. फक्त पाहायचे. कागद दुसऱ्या दिवशी.

लकॉकचा हेतू पाठांतराचा नव्हता. पुन्हा दिसणार नाही हे ठाऊक असले की माणूस आत्ता नीट पाहतो, एवढीच त्याची युक्ती. आणि प्रत्येकाच्या आठवणीत वेगळे उरते, म्हणून तीस मुलांची तीस चित्रे वेगळी येतात. तशी आली नाहीत तर काहीतरी चुकले, असे त्याला वाटे.

आता आपल्याकडचे स्मरणचित्र पाहू. जत्रा, बसथांबा, भाजीबाजार, पाणवठा, वर्गसफाई. विषय अस्सल, गावचे, रोज डोळ्यांपुढचे. लकॉकने याहून चांगले निवडले नसते. पण परीक्षेच्या तयारीत काय होते? बाजारात मार्गदर्शक पुस्तके मिळतात. त्यांत जत्रेचे एक तयार चित्र असते. डाव्या कोपऱ्यात फुगेवाला, मागे पाळणा, उजवीकडे मिठाईचे दुकान, पुढे पाठमोरी बाई आणि तिचे बोट धरलेला मुलगा. ते पाच-सात वेळा गिरवायचे आणि परीक्षेला उतरवायचे. बसथांबा आला तर तीच पाठमोरी बाई, तोच मुलगा, फक्त पाळण्याच्या जागी एस. टी. येते. जत्रेला जाऊन आलेला मुलगा जत्रा आठवत नाही, पान आठवतो. स्मरण आहे, पण ते दुसऱ्याच्या पाहण्याचे. दहावीला वाढीव गुण मिळू लागल्यापासून परीक्षार्थी वाढले आणि ही पाने अधिक चकचकीत छापली जाऊ लागली. निकालावर मेहनताना ठरला तेव्हा कोलच्या शाळांत जे झाले त्याचीच ही देशी आवृत्ती.

'मला चित्र काढता येत नाही' याचा उलगडा मला इथे होतो. त्या माणसाला पाठमोरी बाई काढता येत होती. समोर बसलेली आपली आजी त्याने कधी काढून पाहिली नाही, आणि काढायला बसला तर येणार नाही हे त्याचे त्याला पक्के ठाऊक आहे. तेव्हा तो खरे तेच सांगतो. फक्त दोष देणगीच्या अभावाला देतो. गिरवणे हे शिकण्याचे पहिले पाऊल म्हणून आखले गेले होते, आपल्याकडे ते शेवटचे झाले. गिरवण्याला नावे ठेवणाऱ्या आधुनिकांशीही म्हणून माझे जमत नाही. 'मुलांना मोकळे सोडा, काय हवे ते काढू द्या' हे ऐकायला गोड लागते. पण अकरा-बारा वर्षांच्या मुलाला आपली सायकल सायकलीसारखी दिसत नाही हे कळू लागते, आणि त्या वेळी ती कशी काढायची हे सांगणारे कोणी नसेल, तर ते मूल पेन्सिल कायमची खाली ठेवते.

गिरवण्याचा खरा उपयोग काय, याचा दाखला शोधायचा तर पुन्हा फ्रेंच छापखान्याकडे जावे लागते. लकॉकच्याच काळात पॅरिसच्या गूपील कंपनीने शार्ल बार्ग याच्याकडून रेखनाचे धडे तयार करून घेतले. चित्रकार जेरोम याचा त्यात हात होता. प्लास्टरचे पाय, हात, मुखवटे, जुन्या उस्तादांची रेखने, असे एकेक मोठे शिळाछाप तक्ते. शिक्षक नसलेल्यालाही समोर ठेवून गिरवता येतील असे. १८८० मध्ये बेल्जियमच्या खाणकामगारांच्या वस्तीत सत्तावीस वर्षांचा, धर्मप्रचाराच्या नोकरीतून काढलेला एक माणूस हे तक्ते मागवून घेतो आणि एकेक करून सगळे काढतो. मग पुन्हा पहिल्यापासून काढतो. जवळ शिक्षक नाही, पैसा नाही. तक्ता संपला की तो बाहेर पडून समोरचा खाणकामगार काढतो, जमत नाही, परत तक्त्याकडे येतो. व्हिन्सेंट व्हॅन गॉगचे चित्रकार होणे असे सुरू झाले. दहा वर्षांनी, १८९० च्या जूनमध्ये, शेकडो चित्रे हातावेगळी केल्यावर, ओव्हेर गावाहून त्याने भावाला पत्र लिहिले. त्यात बार्गचे ते कोळशाच्या रेखनाचे धडे पुन्हा पाठवून दे, अशी मागणी होती. त्याला ते सगळे परत एकदा काढायचे होते.